कोशाच्या दुकानावरचा बोर्ड आणि त्याच्यावर टांगलेला तू

देवानंद, तुझ्या जाण्याने सगळं अड्याळ मुकं झालं आहे.

वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेत ते माईकवरून म्हटलं गेलं, आणि चांगलं ओरडून म्हटलं गेलं, कारण त्या दिवशी बाजार होता. एका बाजूला वांगीवाला गळा काढत होता, दुसऱ्या बाजूला उंदराच्या औषधाची रेकॉर्ड लावलेली सायकल फिरत होती, आणि मधोमध आपले भावी जिल्हा परिषद सदस्य गाव मुकं झाल्याचं सांगत होते. मागे ऐकू येईना, तेव्हा त्यांनी आवाज वाढवायला लावला.

'भावी सदस्य' हे काही त्यांचं नाव नव्हे. पण ते इतकी वर्षं इतक्या सातत्याने भावी आहेत की आता दुसऱ्या नावाने ओळखू येत नाहीत. भाषणात त्यांनी तुला, दुकानांचे दिवा लागणारे बोर्ड करणाऱ्याला, 'प्रकाशाचा शिल्पकार' म्हटलं. मी मागच्या रांगेत होतो. तू शेजारी असतास तर कानाशी येऊन म्हणाला असतास, "मंग याच्या ऑफिसचा बोर्ड काहून फ्लेक्सचा हाये बे?" तू नव्हतास, म्हणून ते मीच मनात म्हटलं. आपलं आपण म्हटलेलं तितकं हसवत नाही, हे तिथे कळलं.

सभा संपली, खुर्च्या गेल्या, तू मात्र चौकात राहिलास. बस थांबते तिथे अगदी समोर, फ्लेक्सवर. भावी सदस्य हात जोडून पूर्ण उंचीचे, आणि तू त्यांच्या पोटाशी एका गोलात. फोटो तुझ्या भाच्याच्या लग्नातला निवडला होता. फेटा कापता आला नसावा, म्हणून आदरांजलीच्या बॅनरवर तू फेटा बांधून हसत होतास. वर मोठ्या अक्षरांत 'कलेचा सूर्य मावळला', आणि खाली 'अशी कला पुन्हा होणे नाही'.

आणि हे बांधलं कुठे? वासुदेवभाऊंच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांच्या दुकानावर. तू केलेल्या, मागून दिवा लागणाऱ्या बोर्डावर. त्या बोर्डाच्याच लोखंडी चौकटीला नायलॉनच्या दोऱ्या आवळून. ज्या वस्तूशी तू आयुष्यभर भांडलास तिच्यावर तुला छापलं, आणि तुझ्या हातच्या कामासमोर तुलाच पडदा म्हणून लावलं. हा काही अपमान नाही, नुसतं लक्ष गेलं नाही, असं मला गावात समजावण्यात आलं. मला या दोन्हींत फरक दिसत नाही. दिसावा असं वाटतही नाही.

या गावात मेलेल्या माणसाला लगेच थोर करून टाकतात, म्हणजे त्याच्याविषयी पुढे काही आठवावं लागत नाही. मी ते होऊ देणार नाही. तू थोर नव्हतास. तुझी सुरुवात कशी झाली ते मला माहीत आहे, कारण बस स्टँडवर माझा पेपर-पुस्तकांचा स्टॉल आणि तुझं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, आणि ती पातळ आहे.

तुझे वडील ब्रशचे पेंटर. पत्र्यावर बोर्ड रंगवायचे. त्यांनी तुला एकच शिस्त लावली होती: "पहिले जमीन, मंग अक्षर." म्हणजे आधी सगळ्या पाटीला रंग द्यायचा आणि तो सुकला की त्यावर नाव काढायचं. तू नागपूरला जाऊन ॲक्रिलिकचं काम शिकलास आणि पहिलाच बोर्ड आणलास एका चहाच्या हाटेलचा. शीटच्या मागच्या बाजूने अक्षरं उलटी कोरलीस, छान कोरलीस. मग वडिलांच्या शिस्तीने मागून आधी पिवळी जमीन भरलीस, सुकू दिलीस, आणि तिच्यावर लाल अक्षरं. पेंटरच्या घरात वाढलेल्या पोरानेच करावी अशी ती चूक होती. मागून रंगवताना क्रम उलटा लागतो, अक्षर आधी आणि जमीन शेवटी. तू शीट फिरवलीस, तर पुढून सगळीकडे पिवळंच. लाल रंग त्याच्या मागे सुखरूप बसलेला.

तुझ्या वडिलांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अक्षर गेलं कुठं लेका, नागपुरातच ठेवून आला का?"

हाटेलवाल्याला घाई होती. त्याने तो तसाच लावला. संध्याकाळी मागून दिवा लागला, तर असा काही उजळला की तितकं सुंदर आणि तितकं कोरं काही आपल्या रस्त्यावर आधी कधी नव्हतं. लोक त्याला पिवळं हाटेल म्हणू लागले. पुढे तू बरोबर बोर्ड करून नेलास तेव्हा त्याने घेतला नाही. "आता कायले?" म्हणाला. "नाव तं पडलं."

पुढचे बोर्ड बरोबर आले याचं कारण तुझी बुद्धी नव्हती. शीलावहिनी होत्या. लग्न होऊन आल्यावर काही दिवसांतच त्यांनी तुझ्या हातातून ब्रश काढून घेतला, हे मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. तेव्हापासून कोरायची मशीन तुझी आणि रंग त्यांचा. अक्षर मागून कोरलेलं, रंगही मागूनच भरलेला, त्यामुळे पुढचा भाग काचेसारखा सपाट. पाऊस, धूळ, राइस मिलचा कोंडा त्याच्यावरून निघून जातो, रंगापर्यंत पोचत नाही. पण दिवसा एकसारखा दिसणारा रंग रात्री दिव्यासमोर उघडा पडतो. जिथे पातळ लागला तिथे ब्रशचे फटकारे दिसतात. म्हणून वहिनी रंगवायच्या आणि तू शीटमागे पेटलेला बल्ब धरून बसायचास.

"बल्ब हालवू नका जी."

"हालवून नाही राहिलो. हात दुखून राहिला."

"मंग दुसऱ्या हातात घ्या. हात दोन दिले हायेत."

गावाला वाटायचं, वहिनी दुकानात चहा द्यायला येतात. चहा तू करायचास. तो अत्यंत वाईट असायचा, आणि भिंतीवरून मलाही मिळायचा.

वासुदेवभाऊंना बोर्डावर करवतकाठी हवी होती, त्यांच्या साडीच्या काठाला असते तशी, दातेरी. तू एकेक दाता कोरत होतास. कोरताना प्लास्टिक तापून वास सुटायचा आणि पांढरा भुसा तुझ्या भुवयांवर बसायचा. वहिनींनी त्यांच्या दुकानातून एक साडी नमुन्याला आणली आणि काठाचा लाल जुळेपर्यंत परत केली नाही. वासुदेवभाऊ रोज विचारायला यायचे. बोर्डाचं नव्हे, साडीचं.

तर असं ते काम होतं, आणि त्याच्यासमोर फ्लेक्स. मावळलेल्या सूर्याचा.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, ते आधी नोंदवतो. माझं म्हणणं होतं की तुझे बोर्ड गरजेपेक्षा जास्त टिकतात. मिलजवळचं लेडीज टेलरचं दुकान बंद होऊन किती काळ लोटला; तिथे मोबाईल दुरुस्ती आली. बोर्ड मात्र शिवणयंत्रासकट तसाच, कारण तो अजून पेटतो आणि नव्या मालकाला काढवत नाही. लोक सरळ म्हणतात, मोबाईल टेलरकडे टाकला आहे. मी तुला विचारलं, "दुकान दोन वर्षांत बसते, तू बोर्ड जन्मभराचा कायले करतो?"

"दुकान बसते तं त्याले मी काय करू? मी दुकान नाही बनवत."

धानाच्या दिवसांत दिव्यावर तुडतुडे यायचे, बोर्डाच्या पेटीत शिरून मरायचे आणि अक्षरांच्या पायाशी काळा थर साचायचा. मी म्हणायचो, बघ, तुझ्या अमरत्वात तुडतुडे शिरले. तू पेटीच्या तळाला भोकं पाडून त्यांना मच्छरदाणीची जाळी बसवलीस, पाणी बाहेर जावं आणि तुडतुडे आत येऊ नयेत म्हणून. वाद तत्त्वाचा होता. तू जाळी बसवून मोकळा झालास.

माझ्या स्टॉलला मी बोर्ड लावू दिला नाही, हा त्याच भांडणाचा दुसरा भाग. तू म्हणायचास, "तुह्या दुकानात पुस्तकं भेटते हे लोकाईले माहीत नाही, म्हून येत नाहीत." मी म्हणायचो, "माहीत हाये, म्हूनच येत नाहीत." यावर तुझं उत्तर यायचं होतं. तू उत्तर न देता गेलास. याचा अर्थ मी जिंकलो असा मी लावत नाही, पण तुझंही बरोबर होतं असं लिहून देत नाही.

आता फ्लेक्सचं. तो केवळ दिसायला वाईट असता तर मी डोळे मिटले असते. तो सराव मला आहे. पण लोकांनी तो वाचला. वाचून पहिला माणूस वहिनींकडे आला तो कोरायची मशीन विकत घ्यायला.

"आता तुमच्या काय कामाची, ताई?"

"पापड वाळवीन तिच्यावर. तुमाले काय करायचं?"

दुसरा आला दिघोरीचा कृषी केंद्रवाला. त्याचा बोर्ड तू कोरून ठेवला होतास, धानाच्या लोंबीसकट. रंग तेवढा राहिला होता. तो म्हणाला, राहू द्या, आता भाऊच नाहीत, मी फ्लेक्स करून घेतो. वहिनी म्हणाल्या, "कोरलेलं हाये. रंग बाकी हाये. इतके वर्षं रंग कोन भरत होतं? भूत?"

"तसं नाही ताई. पन चौकात लिवलं हाये ना. अशी कला पुन्हा होणे नाही."

 दुसऱ्या दिवशी सकाळी, पेपरचे गठ्ठे सोडत होतो तेव्हा, वहिनी माझ्या स्टॉलवर आल्या. "भाऊजी, चौकातलं थे उतरवा लागते. आजच."

मी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, "उद्या ह्याइच्या नावानं जलदान हाये. बपेऱ्याचे पाहुणे बसनं येतीन, दिघोरीचे येतीन. उतरल्याबरोबर थ्याईले काय दिसन? त्याच्यावर फोटो ह्याइचा हाये, पन दुकान माहं बंद करून राहिले थे. मी काय मेली का?"

तुला ठाऊक आहे, आपल्याकडे पुढाऱ्याचा चेहरा असलेला फ्लेक्स कोणी उतरवत नाही. तो वारा उतरवतो. दिवाळीच्या शुभेच्छा होळीपर्यंत लोंबतात, आणि दुकानदार त्याखालून वाकून आत जातात. ज्याचं दुकान झाकलं जातं तोच सगळ्यात गप्प असतो. मी स्टॉलला कुलूप लावलं आणि तुझ्या दुकानातली शिडी खांद्यावर घेतली. चढणार मी होतो. चौकात आल्यावर वहिनींनी माझ्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि स्वतः वर गेल्या. मी शिडी धरली.

भावी सदस्यांचा कार्यकर्ता गुड्डू मोटारसायकलवर हजर झालाच. "ओ काका! हे काय करून राहिले? भाऊचा बॅनर हाये थो!"

"दिसते ना," मी म्हणालो. "दुसरं काही दिसूनच नाही राहिलं."

"काढाची परवानगी घेतली का?"

"लावाची कोनाची घेतली होती?"

"भाऊची."

"भाऊचं दुकान हाये हे?"

गुड्डूने वासुदेवभाऊंकडे पाहिलं. ते दारातच उभे राहून एका साडीचा निघालेला धागा तपासत होते. "वासुदेवभाऊ, तुमची काही हरकत होती का? सांगा बरं."

"माही कायची हरकत, बाप्पा," वासुदेवभाऊ धाग्याकडेच बघत म्हणाले. "माहं दुकानच दिसून नाही राहिलं, तं हरकत कुठून दिसन."

गुड्डूने फोन लावला आणि आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून स्पीकर सुरू केला. भावी सदस्यांचा आवाज चौकात आला, शोकसभेतला तोच, जरा घरगुती. "ताई, मी आपल्या दुःखात सहभागी आहे. थोडे दिवस राहू द्या. त्यात माझ्या भावना आहेत."

वहिनी शिडीवरून खाली वाकल्या. "भावना तुमच्या असतीन जी, नवरा माहा होता. आन् कला मावळली म्हून कोनं सांगतलं तुमाले? मले विचारलं का? अर्धी कला इथं शिडीवर उभी हाये. पडली तं पुन्हा बॅनर लावा."

 फोन म्हणाला, "गुड्डू, स्पीकर बंद कर."

गाठी सुटत नव्हत्या. नायलॉन उन्हाने आवळून बसला होता. तेव्हा वासुदेवभाऊ आत गेले आणि कोसा कापायची आपली कात्री घेऊन आले. त्या कात्रीला ते कोणाला हात लावू देत नाहीत, साधा कागदसुद्धा कापू देत नाहीत. ती त्यांनी वर दिली, आणि पुन्हा धाग्याकडे वळले. देवानंद, तुझ्या सभेत बरीच भाषणं झाली. मला त्यातलं एकही आता आठवत नाही. कात्री आठवते.

एका बाजूची दोरी तुटली तसा फ्लेक्स फडफडत खाली येऊ लागला. "जमिनीवर पडू देऊ नका, भाऊचा चेहरा हाये!" असं ओरडत गुड्डूने स्वतःच तो दोन्ही हातांनी झेलला. म्हणजे शेवटी तुला उतरवायला चौघे लागले, त्यातला एक विरोधी पक्षाचा. गुड्डूने तो नीट गुंडाळून मोटारसायकलला बांधला. भाऊंची बाजू पुढच्या कार्यक्रमाला कामात येईल म्हणाला. तुझ्या गोलाचं काय करणार, ते मी विचारलं नाही.

खालून बोर्ड निघाला तो धुळीने पार माखलेला. वहिनींनी साबणाचं पाणी मागितलं. कोरडं फडकं लावायचं नाही, चरे पडतात, हे तू गावातल्या प्रत्येक दुकानदाराला सांगून सांगून कंटाळवाणा झाला होतास. त्या वरून धूत होत्या, मी खाली बादली घेऊन. करवतकाठीचा एकेक दाता निघत गेला. लाल तसाच होता, साडीतला. ते पाणी माझ्या डोक्यावरून, तोंडावरून ओघळत होतं, त्यामुळे त्या वेळी माझं तोंड ओलं का होतं याला चारचौघांत सांगता येईल असं कारण आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पवनीहून संध्याकाळच्या बसने येताना मी नेहमी डाव्या खिडकीशी बसतो. धानाच्या बांध्या संपतात, मिलची भिंत येते, आणि मग तुझा टेलरचा बोर्ड, पिवळं हाटेल, कोशाचं दुकान. मी गावाची पाटी कधी वाचली नाही. तुझे बोर्ड दिसले की पिशवी उचलतो. हे आधी सांगितलं असतं तर तू त्याच पावली बोर्डाचं माप घ्यायला टेप घेऊन माझ्या स्टॉलवर आला असतास, म्हणून गप्प राहिलो. आणि गप्प राहिल्याचं वाईट वाटतं का, तर वाटतं. पण तू टेप घेऊन आला असतास हेही खरंच आहे.

तू गेल्याबद्दल मी कोणाचे आभार मानणार नाही, नियतीचे वगैरे तर नाहीच. तू पातळ भिंतीपलीकडे इतकी वर्षं खडखडाट केलास, वाईट चहा पाजलास, माझं एकही मत मान्य केलं नाहीस, याचे मात्र मानतो. गाव मुकं झालेलं नाही. माझ्या भिंतीपलीकडे शांतता झाली आहे, इतकंच, आणि तीही टिकणार नाही, कारण परवापासून वहिनी मशीन चालवायला शिकून राहिल्या आहेत. भयंकर आवाज करतात. तुझ्यापेक्षा जास्त.

जलदानाला सगळे आले. वंदना झाली, तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या. फोटो बिनफेट्याचा, वहिनींनी निवडलेला. दिघोरीचा कृषी केंद्रवालाही आला. जेवण झाल्यावर तो वहिनींजवळ घुटमळत राहिला. म्हणाला, चौकात उतरलो तं कोशाचा बोर्ड पाहिला, लयच जुना हाये म्हणते, पन रंग तं कालचा वाटते. वहिनी म्हणाल्या, "तुमी फ्लेक्स करून राहिले होते ना?"

"नाही ना, ताई. तुमीच भरा रंग."

"लोंबी पिवळी भरू का हिरवी?"

"तुमी म्हनान तशी."

"पिवळी भरते. हिरवी लोंबी दाखवून खत विकान तुमी."

संध्याकाळी परतीच्या बसला सगळे चौकात जमले. बपेऱ्याचे पाहुणे, दिघोरीवाला, गुड्डूसुद्धा, जरा लांब. अंधारून आलं होतं. कोणी ठरवलं नव्हतं, तरी सगळे कोशाच्या दुकानाकडे तोंड करून उभे राहिले. बायकांनी पदर नीट केले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. वहिनी म्हणाल्या, "वासुदेवभाऊ, लावा जी आता."

वासुदेवभाऊंनी बटन दाबलं. मग वर केलं आणि पुन्हा दाबलं. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आतली ट्यूब पावसाळ्यातच गेलेली आहे, आणि ती बदलून द्यायचं तू कबूल केलं होतंस.